सदैव प्लगला जोडलेल्या लॅपटॉपची बॅटरी



ज्या यंत्राविषयीं मी आज बोलणार आहें, त्याचें नांव लॅपटॉप, म्हणजे मांडीवर घ्यावयाचा संगणक. परंतु पुष्कळ घरांत तो मांडीवर क्वचितच चढतो. टेबलावर ठाण मांडून बसतो, प्लगला रात्रंदिवस जोडलेला राहतो, आणि बॅटरीवर चालण्याचा प्रसंग त्याजवर महिन्यांतून एखादे वेळीं येतो. अशा लॅपटॉपची बॅटरी फारशी न वापरतांही दोनतीन वर्षांत दुबळी कशी होते, असें अनेकजण विचारतात. जें वापरलें नाहीं तें झिजलें नाहीं, हा समज माजघरांतील भांड्यांच्या बाबतींत खरा असेल. बॅटरीच्या बाबतींत तो खोटा आहे.

ही बॅटरी लिथियम-आयन जातीची असते. सोनी कंपनीनें ती १९९१ सालीं प्रथम बाजारांत आणली, आणि तिच्या पायाभूत संशोधनाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या शास्त्रज्ञांना २०१९ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. तिच्या प्रत्येक घटांत दोन ध्रुव असतात. धनध्रुव बहुधा कोबाल्टसारख्या धातूंच्या ऑक्साइडचा व ऋणध्रुव ग्रॅफाइटचा. चार्ज करतांना लिथियमचे विद्युत्भारित कण धनध्रुवांतून निघून ग्रॅफाइटच्या थरांत शिरतात. वीज वापरतांना ते माघारीं येतात. घट पूर्ण भरला म्हणजे त्याचा विद्युद्दाब सुमारें ४.२ व्होल्टपर्यंत चढतो. ही ताणलेली अवस्था होय. धनुष्याची दोरी नेहमीं चढवून ठेविली तर काठीचा जोर जातो, तसेंच कांहींसें येथें घडतें. ध्रुवांमधील द्रवाची ग्रॅफाइटशीं मंद रासायनिक क्रिया चालूच असते; तिचा सूक्ष्म पापुद्रा ग्रॅफाइटवर चढत जातो आणि त्यांत कांहीं लिथियम कायमचें अडकून पडतें. घट जितका भरलेला आणि जितका उष्ण, तितकी ही क्रिया जलद.

या विषयावर एक तक्ता बराच प्रचलित आहे. २५ अंश सेल्सियस उष्णतामानांत वर्षभर ठेवलेला घट ४० टक्के भरलेला असेल, तर त्याची सुमारें ९६ टक्के धारणाशक्ति उरते. पूर्ण भरलेला असेल तर सुमारें ८० टक्के. ४० अंशांत हेच आंकडे ८५ व ६५ होतात. निरनिराळ्या घटांत ते कमीजास्त होतील. तथापि नागपूर-चंद्रपूरकडील मे महिन्यांतील खोली डोळ्यांपुढें आणावी, म्हणजे पूर्ण भरलेल्या बॅटरीवर काय गुदरत असेल तें ध्यानांत येईल.

प्लग लावून ठेवल्यानें बॅटरींत वीज सारखी ओतली जाते, अशी भीति कित्येकांना वाटते. तसें होत नाहीं. बॅटरी भरतांच आंतील नियामक यंत्रणा चार्जिंग थांबविते व लॅपटॉप भिंतींतल्या विजेवर चालतो. हानि होते ती सतत भरलेलें राहण्यानें. दुसरे कांहीं लोक बॅटरी दररोज शून्यावर नेऊन मग भरतात, जणूं तिला एकादशीच घडवितात! ही रीत जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळची. लिथियम-आयनला ती अपायकारकच आहे.

तेव्हां उपाय असा, कीं बॅटरी ८० टक्क्यांवरच थांबवावी. लेनोव्हो, असूस, डेल वगैरे कंपन्यांच्या पुष्कळ लॅपटॉपांत अशी मर्यादा घालण्याची सोय असते. कोठें तिला ‘कॉन्झर्व्हेशन मोड’ म्हणतात, कोठें ‘चार्ज लिमिट’. घरांतील कॉलेजांत जाणाऱ्या मुलामुलींना सांगितलें तर पांच मिनिटांत होणारें हें काम आहे. प्रवासाला निघावयाचें असेल किंवा वीज बंद राहण्याची पूर्वसूचना आली असेल, त्या दिवशीं खुशाल शंभर टक्के भरावी. ज्या यंत्रांत ही सोयच नाहीं, तेथें दर घटकेला प्लग काढण्या-लावण्याचा खटाटोप मीं तरी कोणाला सांगणार नाहीं. वारंवार भरण्या-उतरण्यानेंही बॅटरी झिजतेच. तेथें उष्णता कमी करण्याकडे लक्ष द्यावें.

लॅपटॉप चालू असतां तो गादीवर किंवा गोधडीवर ठेवूं नये. खालचीं छिद्रें बुजतात व वारा कोंडतो. खिडकींतून ऊन येतें ती जागा टाळावी. पंख्याच्या जाळींत सांचलेली धूळ वेळोवेळीं काढवावी. महिनाभर गांवीं जावयाचें असल्यास बॅटरी अर्धी ठेवून यंत्र पूर्ण बंद करावें आणि थंड जागीं ठेवावें.

जुन्या लॅपटॉपांची बॅटरी सहज निघे, व ती काढून ठेवण्याचा सल्ला अजूनही ऐकूं येतो. आमच्याकडे तो मला पसंत नाहीं. मृगाच्या पहिल्या पावसांत वीज जाते, आणि प्रवेशअर्ज भरण्याचे दिवसही तेच. अर्धा अर्ज भरलेला असतांना पडदा काळा झाला, म्हणजे त्या मुलाचें तोंड पाहवत नाहीं. ८० टक्के भरलेली धड बॅटरी अशा वेळीं तासदोन तास सहज निभावून नेते.

बॅटरी फुगून लॅपटॉपचें झांकण किंवा खालचा पत्रा उचलला गेल्यास मात्र काटकसर विसरावी. यंत्र तत्काळ बंद करून प्लग काढावा. बॅटरी दाबूं नये, टोंचूं नये, घरच्या कचऱ्यांत टाकूं नये. भारत सरकारच्या २०२२ सालच्या बॅटरी-कचरा नियमांनीं वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. म्हणून ती कंपनीच्या दुरुस्तीकेंद्रांत नेऊन द्यावी.