स्वपक्षाच्या गोळीचा निवाडा

जून-जुलैतील मासेमारीबंदीत, समोरचा सिंधुदुर्ग किल्ला पावसात दिसेनासा झाला असता, मालवणातला एखादा तरुण ‘रेनबो सिक्स सीज’ हा नेमबाजीचा व्हिडिओ गेम खेळताना स्वपक्षीयालाच गोळी घालतो, तेव्हा ते कृत्य हेतुपुरस्सर की अनवधानाने, हे ठरविणारा काजी यंत्राला कोठून मिळणार? २०१९ साली या खेळाच्या निर्मात्या युबिसॉफ्टने तोड काढली ती अशी की, अपराध्याने मित्रावर पुन्हा गोळी झाडल्यास इजा त्याची त्यालाच व्हावी. पुढे तर घात चुकून झाला की कसे, हे सांगण्याचा अखत्यार मृतालाच मिळाला. फिर्यादीच मुन्सफ, हा प्रकार आमच्या कोणत्याही कचेरीत खपला नसता! ‘काउंटर-स्ट्राइक: ग्लोबल ऑफेन्सिव्ह’ या दुसऱ्या खेळाचा शिरस्ता मात्र रोकडा होता: वारंवार मित्रवध करणाऱ्याची डावातून हकालपट्टी, आणि मग हद्दपारी, प्रथम अर्धा तास, नंतर दोन तास, एक दिवस, अखेर सात दिवस.