बारावीतच नर्सिंगची स्पेशालिटी ठरवायची का?

अकरावी-बारावीतल्या मुलामुलींकडून एक प्रश्न हल्ली वारंवार येतो: 'नर्सिंगला जायचंय, पण आयसीयू घेऊ, ऑपरेशन थिएटर घेऊ की लहान मुलांचा विभाग?' घरचेही विचारत असतात, 'पुढे स्कोप कशात आहे?' फीसाठी कर्ज काढायचं असेल तर हा प्रश्न साधा राहत नाही. संशोधन याबद्दल काय सांगतं ते बघू.

पहिला अभ्यास मानसशास्त्रातला आहे. क्वाडबाख, गिल्बर्ट आणि विल्सन यांनी तो 2013 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. 18 ते 68 वयाच्या 19,000 हून अधिक लोकांपैकी काहींना विचारलं, गेल्या दहा वर्षांत तुम्ही किती बदललात? काहींना विचारलं, पुढच्या दहा वर्षांत किती बदलाल? प्रत्येक वयात तेच दिसलं. मागे वळून पाहणाऱ्यांना बदल खूप जाणवला, पुढे पाहणाऱ्यांना मात्र 'आता मी असाच राहणार' असं वाटत होतं. म्हणजे भविष्यातल्या आपल्या आवडीनिवडींचा अंदाज मोठ्यांनाही नीट येत नाही. मग सतराव्या वर्षी वॉर्डात पाऊल न टाकता केलेल्या अंदाजावर किती भरवसा ठेवायचा?

दुसरं काम खास नर्सिंगमधलं. पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन संशोधिकेने नर्सेसच्या मुलाखती घेऊन आणि त्यांचं काम पाहून 1984 मध्ये एक पुस्तक लिहिलं. नर्स नवशिकी ते निष्णात अशा पाच पायऱ्या चढते, असं त्यात मांडलंय. तिसऱ्या पायरीवर, म्हणजे आपलं काम आपण सक्षमपणे सांभाळतोय इथवर यायला, एकाच प्रकारच्या कामात साधारण दोन-तीन वर्षं जातात. आणि विभाग बदलला की अनुभवी नर्ससुद्धा काही काळ पुन्हा नवशिकी होते. थोडक्यात, स्पेशालिटी हळूहळू अंगात मुरते. ती आधीच ठरवून ठेवायची गोष्ट नाही.

मग आत्ता काय ठरवायचं? आत शिरायचं दार. कारण ते चुकलं तर पुढचा रस्ता लांबतो.

एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा आणि बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचा. बीएस्सीला बारावीत इंग्रजी, फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजी लागतं. महाराष्ट्रात त्यासाठी सीईटीही आहे. म्हणजे खरा निर्णय दहावीनंतरच होतो. त्या वेळी बायोलॉजी सोडलं तर हे दार बंद. जीएनएमला मात्र बारावी आर्ट्सची मुलंही जाऊ शकतात. जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करून डिग्री घेता येते, पण तिथे चाराऐवजी पाच वर्षं लागतात. घरची परिस्थिती लवकर पगार मागत असेल, तर हा रस्ता अगदी शहाणपणाचा आहे. फक्त माहिती असून निवडा.

स्पेशालिटीची वेळ त्यानंतर येते. नोंदणी आणि वर्षभराचा अनुभव झाला की क्रिटिकल केअर, कर्करोग, नवजात बालकं, ऑपरेशन रूम अशा विषयांत एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा करता येतो. डिग्रीवाल्यांना एमएस्सीचे पाच विषय खुले होतात: मेडिकल-सर्जिकल, बालआरोग्य, प्रसूती व स्त्रीरोग, मानसिक आरोग्य आणि सामुदायिक आरोग्य. कोर्समध्ये या सगळ्या विभागांत तुमची पोस्टिंग होतेच. तेव्हा एक वही ठेवा. प्रत्येक पोस्टिंगनंतर तीनच गोष्टी लिहा: कुठल्या कामात वेळ कसा गेला ते कळलं नाही, कुठली गोष्ट घरी येऊनही डोक्यातून गेली नाही, आणि तिथल्या कुठल्या सिस्टर किंवा ब्रदरसारखं व्हावंसं वाटलं. चार वर्षांनी ही वही कुठल्याही करिअर चाचणीपेक्षा जास्त सांगेल.

तिसरा अभ्यास पहिल्या नोकरीच्या वेळी आठवा. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या 168 रुग्णालयांची आकडेवारी तपासली. प्रत्येक नर्सवर एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत 30 दिवसांच्या आत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे 7 टक्क्यांनी जास्त, आणि नर्स कामाने पार थकून जाण्याची शक्यता 23 टक्क्यांनी जास्त दिसली. हा संबंध आहे, एकामुळेच दुसरं घडतं असा थेट पुरावा नाही. शिवाय आकडे तिकडचे आहेत, ते जसेच्या तसे आपल्याकडे लावता येणार नाहीत. पण एक शंका घ्यायला ते शिकवतात. उद्या सहा महिन्यांत 'आयसीयू मला जमतच नाही' असं वाटलं, तर आधी मोजा, एका शिफ्टला तुमच्याकडे किती रुग्ण असतात? कदाचित अडचण तुमच्यात नसेल आणि विषयातही नसेल. माणसंच कमी असतील. मुलाखतीत पगाराइतक्याच मोकळेपणाने हा आकडा विचारा.

आणि फी भरण्याआधी दोन गोष्टी पक्क्या करा. कॉलेजला राज्याच्या नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, आणि इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या यादीत त्याचं नाव आहे का? कौन्सिलकडे नोंदणी झाल्याशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही, मग सर्टिफिकेट कितीही गुळगुळीत कागदावर छापलेलं असो. दुसरं, विद्यार्थ्यांची पोस्टिंग कुठल्या रुग्णालयात होते ते विचारा, आणि जमलं तर एक चक्कर मारून या. खाटा रिकाम्या दिसल्या, तर तुम्ही शिकणार कुणाकडून?

'पुढे काय करणार?' असं घरी कुणी विचारलं, तर 'अजून ठरलं नाही, आधी सगळे वॉर्ड बघणार' असं बिनधास्त सांगा. सतराव्या वर्षी हे उत्तर पुरेसं आहे.