पंचवीस गुणांचे कलम

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील आयोवा विद्यापीठाने फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्या एका सेवकाच्या करारात दुरुस्ती केली. हा सेवक म्हणजे विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा एक सहायक प्रशिक्षक. त्याचे वार्षिक वेतन ९ लाख डॉलरांवरून ८ लाख ५० हजार डॉलरांवर आणण्यात आले. शिवाय, येत्या हंगामात संघाने दर सामन्यात सरासरी २५ गुण मिळविले पाहिजेत आणि किमान ७ सामने जिंकले पाहिजेत, या दोन अटी घालण्यात आल्या. त्या पुऱ्या न झाल्यास करार पुढे चालू राहणार नव्हता. विद्यापीठ सरकारी असल्याने हा मजकूर गुप्त राहण्याचे कारण नव्हते. तो वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाला आणि राज्यभरातील क्रीडाशौकिनांनी एक नवाच हिशेब मांडावयास घेतला. बारा सामने आणि हंगामानंतरचा एक, असे तेरा सामने धरले तर २५ च्या सरासरीने ३२५ गुण होतात. ते होणार की नाहीत, आणि न झाल्यास या जागी कोण येणार, हा त्या राज्यातील चर्चेचा मोठा विषय होऊन बसला.

दूरच्या देशातील एका खेळाची ही हकीकत येथे सांगावयाची ती खेळासाठी नव्हे. माणसाचे काम एका आकड्यात कोंबले म्हणजे काय होते, आणि पुढचा माणूस कोण या तर्कवितर्कात गुंतलेल्या लोकांच्या नजरेतून कोणत्या गोष्टी निसटतात, याचा इतका स्वच्छ दाखला क्वचितच सापडतो.

आक्रमणाचा सूत्रधार

आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो हा खेळ नव्हे. अमेरिकी फुटबॉलमध्ये चेंडू लांबट असतो आणि तो मुख्यत्वे हातात धरून पळविला अथवा फेकला जातो. एका वेळी प्रत्येक बाजूचे अकरा खेळाडू मैदानावर असतात. परंतु आक्रमणाचे अकरा वेगळे आणि बचावाचे अकरा वेगळे. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. ते जमेना असे दिसले की चेंडू लाथेने दूर उडवून प्रतिपक्षाच्या हवाली करावा लागतो. चेंडू अंतिम रेषेपलीकडे नेल्यास ६ गुण, खांबांमधून उडविल्यास ३ आणि प्रतिपक्षाला त्याच्याच अंतिम रेषेमागे अडविल्यास २ गुण मिळतात.

या खेळात प्रत्येक प्रयत्न हा आधी आखून ठेवलेला डाव असतो. सामन्यात असे साठसत्तर डाव टाकावे लागतात आणि कोणत्या क्षणी कोणता डाव टाकावयाचा हे बहुधा ‘ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर’ ठरवितो. त्याला आपण आक्रमण-समन्वयक म्हणू. मुख्य प्रशिक्षक हा मुख्यमंत्री मानला तर समन्वयक हा अर्थमंत्री होय. यश मिळाले तर ते साऱ्या मंत्रिमंडळाचे; अपयशाचे खापर मात्र त्याच्या एकट्याच्या माथी. प्रेक्षकाला बचावातील बारकावे फारसे दिसत नाहीत. फसलेला डाव मात्र सर्वांना दिसतो आणि त्याऐवजी काय करावयास हवे होते हे सत्तर हजारांतील प्रत्येकाला ठाऊक असते.

सत्तर हजार हा आकडा अलंकारिक नाही. आयोवा सिटी येथील किनिक स्टेडियममध्ये ६९,२५० प्रेक्षक बसतात. सुमारे बत्तीस लाख वस्तीच्या या राज्यात पहिल्या दर्जाचा एकही व्यावसायिक संघ नाही. त्यामुळे ज्यांनी विद्यापीठाची पायरी कधी चढली नाही असे शेतकरी आणि कारखान्यातील कामगारही विद्यापीठाच्या संघाला आपलाच मानतात. पहिला चतुर्थक संपला की सारे स्टेडियम शेजारच्या बालरुग्णालयाकडे वळून खिडकीतील आजारी मुलांना हात हलविते, ही तेथे २०१७ पासून रूढ झालेली प्रथा आहे. अशा लोकांच्या जिव्हाळ्याला केवळ रिकामटेकडेपणा म्हणून हिणविणे अन्यायाचे ठरेल.

आकडा आणि काम

आयोवाच्या संघाची ख्याती बचावाबद्दल. २०२२ च्या पहिल्याच सामन्यात त्याने साउथ डकोटा स्टेटचा ७-३ असा पराभव केला. पण त्या सात गुणांत चेंडू अंतिम रेषेपलीकडे नेल्याचा एकही गुण नव्हता. तीन गुण खांबांमधून उडविलेल्या चेंडूचे आणि उरलेले चार बचावाने दोनदा प्रतिपक्षाला कोंडल्याबद्दलचे. त्या संपूर्ण हंगामातील सरासरी १७.७ गुणांची. पंचवीस गुणांच्या कलमाचा जन्म या पार्श्वभूमीवर झाला.

कलमातील गंमत अशी की, गुण कोणी मिळवावयाचे हे त्यात सांगितलेले नव्हते. बचावातील एखाद्या खेळाडूने प्रतिपक्षाचा चेंडू हिसकावून गुण मिळविले तर तेही आक्रमण-समन्वयकाच्याच खात्यावर जमा व्हावयाचे! ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात जे निरीक्षण नोंदविले त्याचा भावार्थ असा, की एखाद्या मापाचेच उद्दिष्ट केले की ते चांगले माप उरत नाही. शाळेची गुणवत्ता उत्तीर्णांच्या टक्केवारीवर आणि कचेरीची कार्यक्षमता निकालात काढलेल्या फायलींच्या संख्येवर जोखली जाताना ज्यांनी पाहिले आहे, त्या शिक्षकांना व कारकुनांना हे तत्त्व वेगळे समजावून सांगावयास नको.

२०२३ च्या हंगामात हे तत्त्व जणू मैदानावर उतरले. पहिल्या आठ सामन्यांपैकी सहा संघाने जिंकले. मात्र गुणांची सरासरी १९.५ एवढीच भरली. जिंकलेल्या सामन्यानंतरही गुण कमी पडले म्हणून हळहळणारा प्रेक्षक, असे अपूर्व दृश्य दिसू लागले. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी हंगामी क्रीडा-संचालक बेथ गेट्झ यांनी जाहीर केले की, आक्रमण-समन्वयक ब्रायन फेरेंट्झ या हंगामानंतर संघासोबत असणार नाहीत. संघ त्यानंतर आणखी चार सामने लागोपाठ जिंकला आणि आपल्या विभागात अव्वल ठरला. परंतु शेवटच्या दोन लढतींत मिशिगनकडून ०-२६ आणि टेनेसीकडून ०-३५ असा पराभूत झाला. एकूण चौदा सामन्यांत दहा विजय मिळाले आणि २१६ गुण झाले, म्हणजे सरासरी १५.४. यार्डांच्या हिशेबात त्या वर्षी वरिष्ठ विभागातील १३३ संघांत आयोवाचे आक्रमण सर्वांत शेवटचे ठरले.

याच संघाचे बचाव-समन्वयक फिल पार्कर यांना त्याच वर्षी देशातील सर्वोत्कृष्ट सहायक प्रशिक्षकाचा ब्रॉइल्स पुरस्कार मिळाला. चेंडू लाथेने दूर उडविणाऱ्या टोरी टेलर या ऑस्ट्रेलियन खेळाडूने एका हंगामात सर्वाधिक यार्ड चेंडू उडविण्याचा १९३८ पासूनचा विक्रम मोडला. आक्रमण वारंवार फसल्याशिवाय असा विक्रम होत नाही, हे उघड आहे. एकाचा दोष हीच दुसऱ्याची संधी होती, आणि दोन्ही मिळून दहा विजय झाले होते.

तीन महिन्यांच्या अटकळी

ऑक्टोबरअखेर जागा रिकामी होणार हे ठरले आणि जानेवारी २०२४ संपता संपता ती भरली गेली. मधले तीन महिने अटकळींचे होते. अशा वेळी अमेरिकी क्रीडाशौकीन जे परिश्रम घेतात ते एखाद्या संशोधकाला शोभावेत. कोणत्या मुख्य प्रशिक्षकाला अलीकडे डच्चू मिळाला, कोण पूर्वी कोणाच्या हाताखाली होता, कोणाच्या करारात सोडून जाताना भरावयाची रक्कम किती आहे, विद्यापीठाचे विमान कोणत्या गावी उतरले, या साऱ्याची नोंद ठेवली जाते. आपल्याकडे मंत्रिमंडळाच्या विस्तारापूर्वी खातेवाटपाच्या याद्या फिरतात, तसाच हा प्रकार.

केन्स यांनी १९३६ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात शेअरबाजाराला वृत्तपत्रातील सौंदर्यस्पर्धेची उपमा दिली आहे. त्या स्पर्धेत स्वतःला कोणता चेहरा सुंदर वाटतो याला महत्त्व नसते. इतरांना कोणता सुंदर वाटेल याचा अंदाज करावयाचा असतो. समन्वयकाच्या निवडीबाबतही हेच घडते. उत्तम माणूस कोण, या प्रश्नाने चर्चा सुरू होते; पण लवकरच मुख्य प्रशिक्षकाला कोण पसंत पडेल, या प्रश्नावर ती येऊन ठेपते. आयोवाचे मुख्य प्रशिक्षक कर्क फेरेंट्झ यांनी हे पद १९९९ च्या हंगामापासून सांभाळले आणि सावध, कमी चुकांचा खेळ हेच त्यांचे धोरण राहिले. निवड तेच करणार असतील तर नवा माणूसही बहुधा त्यांच्याच पठडीतला असणार, हे चाहत्यांनी ओळखले होते. म्हणजे आक्रमण दुबळे का, या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यांच्या अंदाजातच दडलेले होते. तरीही चर्चा नावांभोवतीच फिरत राहिली.

नावांची चर्चा सोपी असते. नाव बदलता येते. व्यवस्था बदलण्यास वेळ लागतो आणि तिची छबी वृत्तपत्रात छापता येत नाही.

न विचारलेले प्रश्न

या व्यवस्थेतील पहिली गोष्ट आडनावावरून वाचकांच्या लक्षात आलीच असेल. ब्रायन फेरेंट्झ हे मुख्य प्रशिक्षकांचे चिरंजीव. नातलगाने नातलगाच्या कामावर देखरेख करू नये असा नियम असल्यामुळे कागदोपत्री त्यांचे वरिष्ठ क्रीडा-संचालक होते; प्रत्यक्षात त्यांना रोज वडिलांच्याच हाताखाली काम करावयाचे होते. जेथे पिता पुत्राचे मूल्यमापन करू शकत नाही आणि संचालक डावपेच जाणत नाही, तेथे निर्णयाची जबाबदारी उचलण्यास आकडा पुढे करावा लागतो. पंचवीस गुणांचे कलम हे मूल्यमापन नव्हतेच. मूल्यमापन टाळण्याची ती एक सभ्य रीत होती. चाहत्यांनी घराणेशाहीवर टीका पुष्कळ केली, परंतु ३२५ च्या बेरजेत ती बुडून गेली.

दुसरी गोष्ट पैशाची. सहायकाला ८ लाख ५० हजार आणि मुख्य प्रशिक्षकाला सुमारे ७० लाख डॉलर वर्षाला देणे विद्यापीठाला कसे परवडते? १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने महाविद्यालयीन फुटबॉलच्या दूरचित्रवाणी हक्कांवरील मध्यवर्ती संघटनेची मक्तेदारी मोडीत काढली. त्यानंतर विद्यापीठांचे गट स्वतःच हे हक्क विकू लागले. आयोवा ज्या ‘बिग टेन’ गटात आहे त्याने २०२२ मध्ये केलेला सात वर्षांचा करार ७ अब्ज डॉलरांहून अधिक रकमेचा असल्याचे प्रसिद्ध झाले. मात्र ज्यांच्या खेळावर हा पैसा उभा राहिला त्या खेळाडूंना ‘हौशी’ ठरवून शिष्यवृत्तीपलीकडे फारसे काही द्यावयाचे नाही, असा विद्यापीठांचा आपसांतील नियम होता.

अर्थशास्त्राचा प्राथमिक विद्यार्थीही सांगेल की, एका उत्पादन-घटकाची किंमत कराराने दाबून धरली तर स्पर्धा थांबत नाही. ती दुसऱ्या घटकाकडे वळते. खेळाडूंना पैसे देऊन आकर्षित करता येत नव्हते, म्हणून त्यांना आकर्षित करू शकणाऱ्या प्रशिक्षकांची किंमत चढत गेली. २१ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणाशी निगडित लाभांवरील मर्यादा एकमताने अवैध ठरविल्या. त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावाच्या व प्रतिमेच्या वापराचा मोबदला घेण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार प्रत्येक विद्यापीठाला २०२५-२६ साठी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरांपर्यंतची रक्कम खेळाडूंना थेट वाटता येऊ लागली. हा बदल न्यायालयातून आला, आणि तो मागण्यासाठी खेळाडूंनाच न्यायालयाची पायरी चढावी लागली. समन्वयकाच्या नावावर तीन तीन महिने खल करणाऱ्या प्रेक्षागृहातून या मागणीचा आवाज कधी मोठा झाला नाही.

नंतर काय झाले

जागा अखेर टिम लेस्टर यांना मिळाली. ते वेस्टर्न मिशिगन विद्यापीठाचे माजी मुख्य प्रशिक्षक. २०२४ च्या हंगामात संघाने तेरा सामन्यांत ३६० गुण मिळविले, सरासरी २७.७. जुन्या कलमाच्या कसोटीवर हे घवघवीत यश होय. विजय मात्र दहावरून आठावर आले. यावरून लेस्टर यांचे काम हलके ठरत नाही. आक्रमण सुधारले हे निर्विवाद आहे. परंतु सामना जिंकणे हे अनेक हातांचे काम असून त्यातील एका हाताचे माप एकट्या गुणसंख्येने होत नाही, हे मात्र यावरून सिद्ध होते.

चाहत्यांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. करार उघड होता म्हणून ते हिशेब मांडू शकले, आणि त्यांच्या हिशेबामुळेच विद्यापीठाला निर्णय घेणे टाळता आले नाही. सार्वजनिक संस्थेचा कागद लोकांनी वाचावा, त्याची बेरीज-वजाबाकी करावी, हे लोकशाहीचेच लक्षण आहे. जी चिकाटी त्यांनी ३२५ गुण मोजण्यात दाखविली ती दुर्मिळ आणि मोलाची आहे.

त्या चिकाटीला वळण मात्र हवे. हे कलम कोणी लिहिले, ते लिहिण्याची पाळी का आली, काम पाहणारा वरिष्ठ कोण होता आणि मिळकतीचा वाटा कोणाकोणाच्या पदरी पडला, हे प्रश्न त्याच कराराच्या आसपास पडून होते. ते विचारण्यासाठी अधिक ज्ञानाची गरज नव्हती. नजर नावावरून काढून कागदावर ठेवणे तेवढे आवश्यक होते. अमेरिकेत दर हिवाळ्यात कितीतरी विद्यापीठांत अशी एखादी जागा रिकामी होते आणि नावांच्या याद्या फिरू लागतात. नवा माणूस येतो, आणि त्याच्या येण्याबरोबर जुन्या व्यवस्थेचीही मुदत आपोआप वाढते. ज्या संस्था आपल्या म्हणून आपण जपतो, त्यांच्याविषयी ‘आता कोण?’ हे विचारण्याचा हक्क आपला आहेच. ‘हे असे का?’ हे विचारण्याचे कर्तव्यही त्याच हक्काला जोडलेले आहे.