बसरूरची स्वारी आणि गलबतांवरील पायदळ

शिवकालीन आरमाराची चर्चा बहुधा जहाजांच्या संख्येभोवती फिरते. त्या जहाजांतून जे पायदळ परमुलखात उतरविले जाई, त्याचा विचार क्वचितच होतो. समुद्रापासून दूर नागपुरात बसून इतिहास अभ्यासणाऱ्यांस तर तो सहसा सुचतही नाही. बसरूरच्या स्वारीत मात्र तो टाळता येत नाही.

फेब्रुवारी १६६५ मध्ये शिवाजी महाराज मालवणहून आरमारासह दक्षिणेस निघाले. कारवारच्या इंग्रज वखारवाल्यांच्या पत्रव्यवहारात पंचाऐंशी लढाऊ गलबते, तीन मोठी जहाजे व चार हजार पायदळ असे आकडे आढळतात. बसरूर हे संपन्न बंदर उघड्या किनाऱ्यावर नसून खाडीत आत वसलेले आहे; उथळ पाण्यात शिरू शकणारी गलबतेच तेथे उपयोगाची. फौज अकस्मात उतरली आणि पेठ लुटली गेली. हीच फौज खुष्कीने गेली असती, तर तिची वर्दी तिच्या आधीच पोचली असती.

माझ्या मते परतीचा प्रवास याहून बोधप्रद आहे. गोकर्णाच्या दर्शनानंतर महाराजांनी बहुतेक आरमाराला निरोप दिला व केवळ बारा गलबते जवळ ठेवून पायदळासह अंकोल्याची वाट धरली. ही गलबते लढण्यासाठी नव्हती, नद्या उतरण्यासाठी होती. गोकर्ण आणि अंकोला यांमध्ये गंगावळी आहे, कारवारपुढे काळी. आरमार परत पाठविण्यामागे वाऱ्याचाही विचार असावा. या दिवसांत किनाऱ्यावर वायव्येचा वारा वाहतो आणि शिडाच्या गलबतांना उत्तरेकडे जाणे कष्टाचे होते. ग्रँट डफनेही या वाऱ्यामुळे परतीस विलंब झाल्याचे लिहिले आहे.

२२ फेब्रुवारीस फौज कारवारपाशी आली. तेथे विजापूरकरांचा सरदार शेरखान योगायोगाने हजर होता. शहरावर हल्ला झाला नाही. खंडणी घेऊन फौज निघाली, तीत इंग्रजांचा वाटा ११२ पौंडांचा होता. बसरूरला जे आकस्मिकतेने साधले, ते येथे वाटाघाटीने साधावे लागले, कारण वर्दी आता पुढे गेली होती.

जंजिऱ्यासमोर ही रीत निरुपयोगी ठरे. चहूंकडे पाणी आणि तटाखाली फौज उतरविण्यास मोकळा किनारा नाही. म्हणूनच १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी दगडांनी खाडी भरून पायदळासाठी वाट काढण्याचा प्रयत्न केला.