साइन करतेयस? जरा थांब!

'कन्सल्टंट' म्हटलं की कसं भारी वाटतं ना? पण टॅक्सच्या नजरेत तुम्ही खरंच फ्रीलान्सर आहात की नुसते पीएफ नसलेले नोकरदार, हे सही करण्याआधी तपासलंय का?

जून २०२५ मधला एक शुक्रवार. संध्याकाळचे पावणेसात. बाहेर धो धो पाऊस आणि इनबॉक्समध्ये तो मेल, ज्याची मी दोन महिने वाट बघत होते. मुंबईतल्या एका मीडिया कंपनीचं अकरा पानी काँट्रॅक्ट. महिना ६०,००० रुपये, वर्षभराचं काम आणि माझ्या नावापुढे 'कन्सल्टंट'! खाली एकच ओळ : 'सोमवारपर्यंत साइन करून पाठव, इट्स जस्ट अ फॉर्मॅलिटी.'

मी जाम खूश. आईला फोन, रूममेटला मिठी आणि रात्री 'वैशाली'त एसपीडीपीची पार्टी. काँट्रॅक्ट? पहिलं पान वाचलं, शेवटच्या पानावर सहीची जागा कुठे आहे ते बघितलं. बास! तुम्हीही असंच करता ना? खरं सांगा.

पार्टीतली हवा काढली ती एका मित्राने. हा आयटीतला, नोकरी सोडून फ्रीलान्सिंगला लागलेला. महिना दीड लाखाचं काँट्रॅक्ट मिळालं तेव्हा त्यानेही अशीच पार्टी दिली होती. वर्षाचे झाले १८ लाख. सेवा देणाऱ्यांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा २० लाख, म्हणजे एकदम सेफ. मग पठ्ठ्याने आणखी एक काम घेतलं, आकडा २० लाखांच्या पुढे गेला आणि बिलावर १८ टक्के जीएसटी लावायची वेळ आली. क्लायंटने शांतपणे काँट्रॅक्टमधली ओळ दाखवली : 'फी सर्व करांसहित.' म्हणजे दीड लाखातले जवळजवळ २२,९०० रुपये दर महिन्याला याच्याच खिशातून!

"सही करण्याआधी कुणाला तरी दाखव," एवढंच तो म्हणाला.

शनिवारी सकाळी मी नारायण पेठेत. बाबांचे मित्र असलेले एक सीए काका तिथे बसतात. रिटर्न्सचा सीझन, टेबलावर फायलींचा डोंगर. काकांनी चष्मा पुसला, पेन्सिल घेतली आणि अकराच्या अकरा पानं वाचली. मी तोपर्यंत दोन चहा संपवले.

"काका, टीडीएस किती कापतील तेवढं सांगा ना."

"ते नंतर. आधी सांग, तू यांच्याकडे नोकर आहेस की नाहीस?"

"कलम दोनमध्ये लिहिलंय की. 'हा नोकरीचा करार नाही.'"

"अगं, डब्यावर बेसन लिहिलं म्हणून आतला रवा बेसन होतो का?"

मग काकांनी फंडा समजावला. आयकर कायद्यात पगार वेगळा आणि प्रोफेशनल फी वेगळी. पगार असेल तर कंपनी तुमच्या वर्षभराच्या अंदाजे टॅक्सप्रमाणे टीडीएस कापते. नव्या करप्रणालीत ७५,००० रुपयांचं स्टँडर्ड डिडक्शन मिळतं. शिवाय पीएफ, ग्रॅच्युइटी, मॅटर्निटी लीव्ह हे कायदे नोकरीसोबत येतात. फी असेल तर माझ्यासारखीची सरसकट १० टक्के कापली जाते, बाकी काही नाही. पण लॅपटॉप, इंटरनेट, प्रवास असे कामाचे खर्च उत्पन्नातून वजा करता येतात. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात (लागू १ एप्रिल २०२६ पासून) कलमांचे नंबर बदलले, पगार आणि फीमधला हा फरक मात्र तसाच राहिला.

माझंच गणित बघा. वर्षाचे ७ लाख २० हजार. २०२५-२६ मध्ये नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेटमुळे टॅक्स शून्य. म्हणजे हेच पैसे पगार म्हणून आले असते तर टीडीएसही शून्य. कन्सल्टंट म्हणून मात्र दर महिन्याला ६,००० कापले जाणार, वर्षाचे ७२,०००. रिटर्न भरल्यावर परत मिळतील, पण तोपर्यंत घरभाडं कोण देणार?

"मग मी नक्की कोण?" माझा प्रश्न.

काका म्हणाले, एका अटीवरून ठरत नाही, सगळ्या मिळून ठरतं. 'सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउस' या १९७३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयासमोर शिंपी होते. पैसे नगावर, दिवसभर थांबायचं बंधन नाही, दुसऱ्या दुकानाचं काम करायला मनाई नाही. पण मशीन दुकानाचं आणि शिवण पसंत नाही पडली तर परत शिवायला लावायचा हक्क मालकाचा. कोर्ट म्हणालं, हे नोकरच. तो खटला दुकानांच्या कायद्याखालचा होता, पण काम कसं होतं ते बघायची पद्धत टॅक्सवाल्यांनाही चुकत नाही. उलट, पुण्यातल्याच ग्रँट मेडिकल फाउंडेशनच्या टीडीएसच्या केसमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली कन्सल्टंट डॉक्टरांचे करार तपासले आणि बहुतेकांचं मानधन पगार नाही, असं म्हटलं.

आता माझ्या काँट्रॅक्टवरच्या पेन्सिलच्या खुणा. ऑफिसची वेळ दहा ते सात. रजेसाठी एडिटरची परवानगी. लॅपटॉप कंपनीचा. दुसऱ्या कुणासाठीही एक ओळ लिहायची नाही. मी सोडलं तर नोटीस ९० दिवसांची, त्यांनी काढलं तर २४ तासांची. रवाच होता हो डब्यात, अगदी पाव किलो!

आणि नवव्या पानावर बारीक अक्षरात असलेली एक ओळ, जिच्याखाली काकांनी दोन रेघा मारल्या. उद्या आयकर खात्याने हे पैसे पगार ठरवले, तर कंपनीवर येणारा टॅक्स, व्याज आणि दंड कन्सल्टंटकडून वसूल केला जाईल. म्हणजे नोकरीचे फायदे नाहीत, फ्रीलान्सिंगचं स्वातंत्र्य नाही आणि वर त्यांच्या चुकीचं बिल मला! पगार ठरला तर मी वजा केलेले खर्चही नाकारले जाणार, ते वेगळंच.

"बाळा, दोनच रस्ते. नोकरी माग, नाहीतर खरंखुरं फ्रीलान्स काँट्रॅक्ट माग. मधलं काही घेऊ नकोस. आणि आजच माग. सही झाल्यावर तुझं कोण ऐकणार?"

रविवारी रात्री मी चार मुद्द्यांचा मेल लिहिला. सेंड दाबताना हात थरथरत होते, खोटं कशाला बोलू? सोमवारी एचआरचं उत्तर आलं : 'हा आमचा स्टँडर्ड फॉरमॅट आहे, आजवर कुणी विचारलं नाही.' त्यानंतर दोन दिवस सन्नाटा. रूममेट म्हणाली, "झालं, घालवलंस!" मलाही तसंच वाटत होतं.

बुधवारी एडिटरचा फोन आला. नोकरी द्यायला ते तयार नव्हते. पण दहा ते सात गेलं आणि त्याजागी आले महिन्याला आठ लेख, प्रत्येकी ७,५०० रुपये. लॅपटॉप माझा. बंदी फक्त त्यांच्या थेट स्पर्धकांपुरती. नोटीस दोन्हीकडून ३० दिवस. आणि दोन रेघांवाली ओळ बदलून 'स्वतःच्या उत्पन्नावरचा आयकर कन्सल्टंट भरेल' इतकीच राहिली. मी सही केली.

सगळं गोड झालं का? नाही. ऑक्टोबरमध्ये मला डेंग्यू झाला. आठाऐवजी पाच लेख झाले, ३७,५०० चं बिल गेलं आणि टीडीएस कापून हातात आले ३३,७५०. पगारदार असते तर सिक लीव्ह मिळाली असती. ही स्वातंत्र्याची किंमत, आणि ती मला सही करतानाच माहीत होती. नोव्हेंबरमध्ये मी दुसऱ्या एका क्लायंटचं काम घेऊन तो खड्डा भरला. जुन्या काँट्रॅक्टमध्ये तेही जमलं नसतं.

काकांनी फी घेतली ३,००० रुपये. बाबांच्या ओळखीवर फुकट करणार नाहीत का, असं आईने विचारलं होतं. मी म्हटलं, नको. जो माणूस मला बिलं पाठवायला शिकवतोय, त्याचं बिल मी बुडवू?

सही करण्याआधी हे बघाच

• वेळ, रजा आणि कामाची पद्धत कोण ठरवतं? कंपनी ठरवत असेल तर 'कन्सल्टंट' या शब्दावर जाऊ नका.

• फी 'करांसहित' आहे की 'जीएसटी वेगळा'? 'लागू असल्यास जीएसटी वेगळा' एवढं लिहून घ्या.

• टॅक्स, व्याज, दंड तुमच्याकडून वसूल करण्याची ओळ आहे का? असेल तर ती फक्त तुमच्या स्वतःच्या टॅक्सपुरती करून घ्या.

• आयटी, आर्किटेक्चर अशा ठरावीक व्यवसायांना एकूण फीच्या निम्मी रक्कम उत्पन्न दाखवण्याची सोय आहे. पत्रकारितेचं नाव त्या यादीत नाही. त्यामुळे माझ्यासारख्यांनो, बिलं जपा!

• टीडीएस म्हणजे सगळा टॅक्स नव्हे. तो वजा जाऊन वर्षाचा टॅक्स १०,००० किंवा जास्त निघत असेल तर अ‍ॅडव्हान्स टॅक्स भरावा लागतो. तारखा : १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च.

• 'सोमवारपर्यंत पाठव' असं कुणी म्हटलं तर बुधवार मागा. दोन दिवसांत काम जात नाही. माझं तरी गेलं नाही.