ट्रॅक्टरचें एंजिन लॅपटॉपाशीं बोलत नाहीं, तेव्हां काय तपासावें ?

पन्नासाहून अधिक अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरांस धुराविषयींचे चौथ्या टप्प्याचे नियम आपल्या देशांत १ जानेवारी २०२३ पासून लागू झाले. तेव्हांपासून या वर्गांतील नव्या ट्रॅक्टरांचीं डिझेल एंजिनें बहुतांशीं विजेच्या नियंत्रकावर चालूं लागलीं आहेत. जुन्या एंजिनांत डिझेल किती व केव्हां सोडावयाचें हें पंप आपल्या दांत्यांनीं व स्प्रिंगांनीं ठरवी. नव्यांत तें काम एका बंद पेटींतील लहानशा संगणकाकडे आलें आहे. कारागीर त्यास ईसीएम किंवा ईसीयू म्हणतात. आम्ही त्यास या लेखांत नियंत्रक म्हणूं.

जुन्या एंजिनाचें दुखणें अनुभवी मिस्त्री कानानें व धुराच्या रंगावरून ओळखीत असे. नव्या एंजिनांत तापमान, तेलाचा दाब, डिझेलचा दाब इत्यादि मापें सेन्सरांकडून नियंत्रकाकडे येतात, आणि कोठें बिघाड झाल्यास तो आपल्या स्मरणांत सांकेतिक अंक नोंदवून ठेवितो. ते अंक वाचण्यासाठीं कारागीर लॅपटॉप घेऊन येतो, त्यावर तपासणीचें सॉफ्टवेअर सुरू करितो, आणि ॲडॉप्टर नांवाच्या लहान डबीच्या द्वारें लॅपटॉप ट्रॅक्टरच्या सॉकेटास जोडतो. इतकें करूनही पुष्कळदां पडद्यावर जोडणी होत नाहीं एवढेंच उमटतें. मग कारागीर मान हालवून "ईसीएम गेला" असा निकाल देतो. नवा नियंत्रक महाग असतो, तो बहुधा मागवून घ्यावा लागतो, आणि हंगामांतील वाफसा कोणासाठीं थांबत नाहीं. आमच्या मतें हा निकाल कित्येकदां घाईचा असतो. आणि तो खरा कीं खोटा हें पाहण्यास लागणारीं साधनें बहुतेक शेतकऱ्यांच्या आटोक्यांतलीं आहेत.

सर्वांत आधीं एक साधी गोष्ट पाहावी : एंजिन चालतें काय ? कॉमन रेल जातीच्या एंजिनांत एकही इंजेक्टर नियंत्रकाच्या हुकुमावांचून उघडत नाहीं. म्हणून एंजिन सुरू होत असेल, मग तें अडखळत कां होईना, तर नियंत्रक जिवंत आहे आणि दोष त्याच्याशीं बोलण्याच्या वाटेंत आहे असें समजावें. चालत्या एंजिनाचा नियंत्रक मेला आहे असें सांगणाऱ्या कारागिरास आपण हा प्रश्न अवश्य विचारावा. एंजिन सुरूच होत नसेल तर स्टार्टर न मारतां नुसती चावी फिरवून डॅशबोर्डकडे पाहावें. पुष्कळ ट्रॅक्टरांत तापमानाच्या कांट्यास व फेऱ्यांच्या कांट्यास बातमी नियंत्रकाकडूनच पोंचते. ते कांटे नेहमींप्रमाणें हालले तर नियंत्रक बोलत आहे, फक्त लॅपटॉपास तें ऐकूं येत नाहीं.

यानंतर वीज पाहावी. चावी बंद ठेवून जोडणीचा प्रयत्न करणें ही चूक हास्यास्पद वाटली तरी ती रोज घडते. नियंत्रक चावी दिल्याशिवाय उत्तर देत नाहीं. विसांवलेल्या चांगल्या बॅटरीवर साडेबारा व्होल्टांच्या आसपास दाब दिसला पाहिजे. स्टार्टर फिरत असतांना तो दहाच्या खालीं घसरूं लागला तर नियंत्रक मध्येंच बंद पडून पुन्हां उठूं शकतो, आणि जोडणी लागते व तुटते. नियंत्रकाचे फ्यूज व रिले स्वतंत्र असतात व ते कधीं कधीं मुख्य फ्यूजपेटींत नसून बॅटरीजवळ असतात, हें लक्षांत ठेवावें. येथें मल्टिमीटरावर सर्वस्वी विसंबूं नये. गंजलेल्या सांध्यांतूनही मीटर बारा व्होल्ट दाखवितो, कारण त्यास प्रवाह जवळ जवळ लागतच नाहीं; त्याच सांध्यावर हेडलाइटाचा बल्ब लावून पाहिला तर तो मिणमिणतो. हा बल्ब आम्हांस पुष्कळ महागड्या उपकरणांहून अधिक प्रामाणिक वाटतो. अर्थिंगची परीक्षाही सोपी आहे : मीटरची एक टोंच बॅटरीच्या ऋण खुंटावर व दुसरी एंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवून स्टार्टर मारावा, अर्ध्या व्होल्टाहून अधिक दिसल्यास अर्थचा पट्टा काढून, घांसून, पुन्हां आवळावा.

आतां सॉकेटाकडे वळूं. जड यंत्रांवर बहुधा नऊ पिनांचें गोल सॉकेट असतें, व कांहीं ट्रॅक्टरांवर मोटारगाड्यांप्रमाणें सोळा पिनांचें चपटें असतें. गोल सॉकेटांत ए ही ऋण, बी ही धन, आणि सी व डी या बातमी वाहणाऱ्या दोन तारांच्या पिना होत. सोळा पिनांच्या सॉकेटांत १६ ही धन, ४ व ५ या अर्थच्या, आणि ६ व १४ या बातमीच्या. प्रथम धन व ऋण पिनांवर वीज येते कीं नाहीं तें पाहावें. ती नसेल तर लॅपटॉपावर तासचे तास घालविण्यांत अर्थ नाहीं.

बातमीच्या तारांची जोडी हें या सर्व विषयाचें मर्म आहे. तिला कॅन म्हणतात. ही पद्धत जर्मनीच्या बॉश कंपनीनें मोटारींसाठीं तयार करून १९८६ सालीं प्रसिद्ध केली. नियंत्रक, डॅशबोर्ड व इतर पेट्या एकाच जोडीवर बसून आळीपाळीनें बोलतात. एका तारेचा दाब वर जातो त्याच क्षणीं दुसरीचा खालीं येतो, आणि या फरकांतून बातमी वाचली जाते. म्हणून दोन्ही तारा एकमेकींस पीळ घालून नेलेल्या असतात, म्हणजे बाहेरचा विजेचा गोंधळ दोहोंवर सारखाच पडून फरक तसाच राहतो. पाटाचें टोंक एकाएकीं बंद केल्यास पाणी आदळून लाट मागें फिरते. तारेच्या टोंकाशीं विजेच्या लाटेचें तसेंच होतें, आणि परतलेली लाट पुढच्या बातमींत मिसळून ती बिघडविते. ती तेथेंच शोषली जावी म्हणून जोडीच्या प्रत्येक टोंकास १२० ओहमांचा एकेक रोध लावलेला असतो. दोन्ही रोध समांतर असल्यानें बाहेरून मोजतां त्यांचें माप निम्मे, म्हणजे ६० ओहम येतें.

या एका आंकड्याचा उपयोग फार मोठा आहे. चावी बंद करावी, नियंत्रक पुरता झोंपावा म्हणून पांचदहा मिनिटें थांबावें, बॅटरीची ऋण तार काढावी, आणि मल्टिमीटर ओहमांवर ठेवून सी व डी या पिनांमध्यें मोजावें. ६० च्या आसपास आलें तर जोडी धड आहे. १२० आलें तर एका टोंकाचा रोध गेला किंवा मध्यें कोठें तार तुटली. शून्याजवळ आलें तर दोन्ही तारा एकमेकींस चिकटल्या. ४० आलें तर कोणी तिसरा रोध जोडला आहे. मागाहून बसविलेल्या जीपीएस किंवा तत्सम पेटीनें हें होऊं शकतें. मापच न आलें तर सॉकेटाकडे येणारी फांदी तुटली आहे. त्यानंतर बॅटरी जोडून व चावी देऊन प्रत्येक तारेचा दाब अर्थशीं मोजावा. दोन्हींवर अडीच व्होल्टांच्या आसपास, एकीवर किंचित् अधिक व दुसरीवर किंचित् कमी, असें दिसलें पाहिजे. एखादीवर सरळ शून्य किंवा बारा आलें तर ती तार अर्थला किंवा बॅटरीच्या तारेला लागली आहे. सोळा पिनांच्या कांहीं वाहनांत सॉकेट व मुख्य जोडी यांच्यामध्यें एक स्वतंत्र पेटी असते. तेथें ६० न आलें म्हणून लगेच दोष काढूं नये, त्या वाहनाचा नकाशा पाहावा.

दोष जोडींत आहे असें ठरल्यावर पेट्या एकेक करून सोडवाव्या. ज्या पेटीचा प्लग काढतांच उरलेल्या पेट्या बोलूं लागतात, ती पेटी किंवा तिच्याकडे जाणारी तार अपराधी. त्याआधीं डोळ्यांनीं पाहण्याचा कंटाळा करूं नये. मळणीनंतर गोदामांत उभ्या केलेल्या ट्रॅक्टरांत उंदीर प्रथम वायरिंगवर दांत घासतात. दाबाच्या पाण्यानें एंजिन धुतांना प्लगांत पाणी शिरून पिनांवर हिरवा गंज चढतो. तो कॉन्टॅक्ट क्लीनरनें काढावा, वंगणानें प्लग भरून टाकूं नये. ट्रॅक्टरवर किंवा त्यास जोडलेल्या अवजारावर वेल्डिंग करावयाचें असेल तर अवजार सोडवून दूर न्यावें. तें शक्य नसेल तर बॅटरीची ऋण तार व नियंत्रकाचे प्लग काढूनच वेल्डिंग करावें, आणि वेल्डिंगची अर्थ कामाच्या अगदीं जवळ लावावी. ट्रकच्या चोवीस व्होल्टांवरून ट्रॅक्टर सुरू करण्याची जुनी संवय आतां सोडलीच पाहिजे; जुन्या एंजिनानें ती सोसली, नवा नियंत्रक सोसणार नाहीं. हा शोध करतांना चालू एंजिनावर डिझेलची बारीक नळी ढिली करूं नये, कारण तींतील दाब एक हजार बारांच्या पुढें जातो व फवारा कातडीखालीं घुसतो. इंजेक्टरांच्या तारांतही बॅटरीहून पुष्कळ अधिक दाब खेळतो.

ट्रॅक्टरकडील बाजू धड निघाली म्हणजे लॅपटॉपकडील दोष थोडेच उरतात. सर्वांत चांगली परीक्षा ही कीं, तोच लॅपटॉप, तेंच ॲडॉप्टर व तीच केबल त्याच जातीच्या दुसऱ्या चालू ट्रॅक्टरास लावून पाहावी. तेथेंही जोडणी झाली नाहीं तर आपला ट्रॅक्टर निर्दोष. ॲडॉप्टरचा दिवा लागला म्हणजे ट्रॅक्टरची वीज पोंचली असेंही नव्हे. कांहीं डब्यांस लॅपटॉपाकडूनच वीज मिळते. सॉफ्टवेअरांत दुसऱ्याच ॲडॉप्टरचें नांव निवडलेलें असणें, ड्रायव्हर नसणें किंवा जुना असणें, दोन सॉफ्टवेअरें एकाच वेळीं उघडी राहून एकानें डबी अडवून धरणें, हीं नेहमींचीं कारणें होत. बातमीचा वेगही जुळावा लागतो : काळ्या गोल सॉकेटावर तो सेकंदास २५० किलोबिट व हिरव्यावर ५०० किलोबिट असतो. हिरवी केबल दोन्हींवर बसते, काळी हिरव्यावर बसत नाहीं. ती जोरानें दाबून पिना वांकवूं नयेत.

नियंत्रक खरोखर गेला असें केव्हां म्हणावें ? त्याच्या स्वतःच्या प्लगावर बल्ब पेटेल इतकी वीज व अर्थ दोन्ही येतात, जोडी ६० ओहम दाखविते, इतर पेट्या बोलतात, एंजिन लागत नाहीं, आणि तो एकटाच गप्प राहतो, तेव्हां. अशा वेळींही मोडींतल्या ट्रॅक्टरचा नियंत्रक आणून बसविला म्हणजे झालें असें नाहीं; त्यांत त्या त्या एंजिनाची व पुष्कळदां प्रत्येक इंजेक्टरची नोंद भरावी लागते. ही भरती चालू असतां वीज तुटल्यास नियंत्रक निकामी होऊं शकतो, म्हणून बॅटरीस चार्जर लावल्यावांचून हें काम करूं देऊं नये.

येथें एक अडचण सांगितली पाहिजे. बाजारांतील सर्वसाधारण कोड-रीडर ठराविक अंकच वाचतो. नोंदी भरण्याचें सॉफ्टवेअर बहुधा कारखानदार व त्याचे विक्रेते यांच्याच हातीं असतें. या प्रश्नासाठीं केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें जुलै २०२२ मध्यें समिति नेमली, आणि दुरुस्तीच्या हक्काच्या या विचारांत शेतीच्या अवजारांचा समावेश केला. अमेरिकेंतील कोलोरॅडो राज्यानें २०२३ सालीं कायदाच केला, व १ जानेवारी २०२४ पासून कारखानदारांस दुरुस्तीचीं साधनें व माहिती शेतकऱ्यांस देणें तेथें भाग पडलें. आपल्याकडे गांवच्या सोसायटीनें एक कोड-रीडर व एक बरा मल्टिमीटर सामाईक घेतल्यास कारखान्याचा माणूस येण्याच्या आधींच निम्मा शोध लागेल.

जोडणी साधल्यावर कारागिराचा हात प्रथम अंक पुसण्याकडे जातो. त्यास थांबवावें, व पडद्यावरील सर्व अंक वहींत उतरून घ्यावे किंवा त्यांचें छायाचित्र घ्यावें. अंक दोन भागांचा असतो : पहिला भाग कशाचा दोष तें सांगतो, जसें १०० म्हणजे तेलाचा दाब, ११० म्हणजे थंड करणाऱ्या पाण्याचें तापमान, १६८ म्हणजे बॅटरीचा दाब, दुसरा भाग दोषाची जात सांगतो, जसें ३ म्हणजे तारेंतील व्होल्ट वाजवीहून अधिक व ४ म्हणजे कमी. १०० बरोबर ३ किंवा ४ आला असेल तर एंजिन उघडण्यापूर्वीं त्या सेन्सरची तार व प्लग पाहून घ्यावा.