माळ्यावरची अडगळ आणि आळीची सावड

दसरा जवळ आला की आपल्याकडे घराघरांत झाडझूड सुरू होते. गोधड्या ओढ्यावर धुवायला जातात. भांडी घासून उन्हात पडतात. माळ्यावरचं सामान खाली अंगणात येतं. त्याची धूळ झटकायची, त्याला ऊन दाखवायचं, आणि घट बसायच्या आदल्या दिवशी तेच सामान पुन्हा माळ्यावर चढवायचं.

आमच्या आळीत एक वयस्क बाई आहेत. सगळे त्यांना थोरल्या वहिनी म्हणतात. तीन वर्षांमागे अशीच झाडझूड चालली होती, तेव्हा त्या आम्हाला म्हणाल्या, "गुरुजी, आपण घर साफ करतो का? आपण अडगळीला दरसाल आंघोळ घालतो!"

आम्ही हसलो. पण ते बोलणं मनाला लागलं. कारण आमच्याही माळ्यावर बरंच काही होतं. त्याची हकिगत पुढं येईल.

अडगळ साठते कशी? "असू दे, कधीतरी लागेल," या चार शब्दांनी ती साठते. मोडकी खाट असू दे. बिनदांड्याचं खोरं असू दे. फुटका हंडा, बंद पडलेला रेडिओ, खताची रिकामी पोती, लग्नात आलेल्या प्लॅस्टिकच्या बादल्या, सगळं असू दे. म्हाताऱ्या माणसांना यावरून कुणी हसू नये. त्यांनी टंचाई पाहिली आहे. १९७२ च्या दुष्काळात माणसं खडी फोडायला गेली होती. त्या दिवसांत वाकडा खिळासुद्धा ठोकून सरळ करून वापरावा लागे. ज्यानं ते दिवस काढले त्याचा हात काही टाकताना अडतो. तेव्हा तसं जपणं हाच शहाणपणा होता.

पण आता घर तेवढंच आणि सामान चौपट झालं. दोन खणांचं घर, त्यातला एक खण अडगळीचा. मग माणसं दाटीवाटीनं झोपतात आणि विंचू मात्र ऐसपैस राहतो.

विंचवाचं आम्ही थट्टेनं म्हणत नाही. विंचू, साप, उंदीर यांना अंधार आणि सांदीकोपरा लागतो. लाकडांचा ढीग, पोत्यांची चवड, भिंतीला टेकून ठेवलेले पत्रे ही त्यांची घरं. जिथं उंदीर तिथं त्याच्या मागं साप येतो. कोकणात लाल विंचवानं पूर्वी पुष्कळ माणसं दगावत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या दंशावर प्राझोसिन नावाचं औषध उपयोगी पडतं हे दाखवून दिलं. त्यामुळं अनेकांचे प्राण वाचले. मात्र त्यासाठी माणूस वेळेवर दवाखान्यात पोचला पाहिजे. मांत्रिकाकडं वेळ घालवू नये. आणि घरात विंचवाला जागाच ठेवली नाही, तर अर्धं काम तिथंच झालं.

उंदरांचं तर विचारूच नका. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. पुढच्या वर्षी, १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यात गाठीचा प्लेग निघाला. भूकंपाच्या धास्तीनं लोक घराबाहेर राहत होते, बंद घरांतल्या धान्यावर उंदीर माजले, असं त्याचं कारण तेव्हा सांगण्यात आलं. प्लेग उंदराच्या अंगावरच्या पिसवांतून माणसाकडं येतो.

डासाची तऱ्हा वेगळी. डेंगीचा डास गटारात वाढत नाही. त्याला साचलेलं स्वच्छ पाणी लागतं. परसात टाकलेला टायर, फुटकं मडकं, नारळाची करवंटी, यांत पावसाचं वाटीभर पाणी साचलं तरी त्याला पुरतं. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी कोरडी करायला सांगतात.

इतकं सगळं कळलं, तरी माणूस एकट्यानं माळा रिकामा करत नाही. वस्तू हातात घेतली की तिच्यामागची आठवण येते. मग तो खाली बसतो. तास जातो आणि वस्तू परत वर जाते. आम्हाला हे चांगलं ठाऊक आहे.

शेतात आपण काय करतो? एकाचा एक बैल, दुसऱ्याचा एक बैल, दोघं मिळून औत जुंपतात. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. याला आपण सावड म्हणतो. आमच्या आळीतल्या पाच घरांनी ठरवलं की घराचीही सावड करायची. एका रविवारी एक घर. सगळ्यांनी मिळून ते आवरायचं. ज्याचं घर त्यानं पिठलं-भाकरी घालायची.

गाडगेबाबांची रीत आम्हाला आठवली. बाबा गावात आले की आधी खराटा हातात घेत आणि रस्ता झाडू लागत. कीर्तन रात्री. त्यांना झाडताना पाहून लोक आपसूक खराटे घेऊन बाहेर पडत. १९५६ साली बाबा गेले. त्यांच्या नावानं पुढं ग्रामस्वच्छतेचं अभियान निघालं. पण मूळ खुबी त्या आधी खराटा हातात घेण्यात होती. म्हणून पहिलं घर कुणाचं, यावर आळीत जरा खळखळ झाली. आम्हीही गप्प बसलो होतो, हे कबूल करतो. शेवटी थोरल्या वहिनीच म्हणाल्या, "माझं घर घ्या. मला काय लाज?"

एक नियम मात्र त्यांनीच घालून दिला. परक्यानं वस्तू उचलायची, दाखवायची आणि विचारायचं. ठेवायची की काढायची, हे घरच्यानं सांगायचं. कुणी कुणावर जबरदस्ती करायची नाही. हा नियम फार मोलाचा ठरला. पुष्कळ घरांत तरुण पोरं म्हाताऱ्यांच्या नकळत सामान भंगारवाल्याला देतात. मग म्हातारा आठ दिवस जेवत नाही. त्याचं दुःख त्या पितळी तांब्याचं नसतं. मला विचारलं नाही, हे त्याला सलतं.

रविवारी सकाळी काम सुरू झालं. शेजारच्या पोरानं माळ्यावरून एक कंदील काढला.

"वहिनी, हा?"

"असू दे. लाईट गेली तर लागंल."

"याची काच कुठंय?"

"काच फुटली की कवाच."

"आणि वात?"

"वात न्हाई." एवढं म्हणून वहिनींनाच हसू फुटलं. "अन् रॉकेल तरी कुठं मिळतंय आता! दे भंगारात."

चार माणसं भोवती असली की असं होतं. आपलंच बोलणं आपल्या कानावर पडतं. एकटं असताना ते पडत नाही.

पण सगळंच हसण्यावारी गेलं नाही. एका गाठोड्यात वहिनींच्या मालकांची धोतरं निघाली. मालक जाऊन अकरा वर्षं झाली. कुणी काही बोललं नाही. वहिनींनी एक धोतर उलगडलं, परत घडी केलं. मग म्हणाल्या, "मऊ झालीत. बाळंतिणीच्या घरी द्या, लंगोटाला होतील." काठी मात्र त्यांनी ठेवली. ती आज दाराशेजारी खुंटीला आहे. जुन्या लुगड्यांच्या आळीतल्या बायांनी पुढं गोधड्या शिवल्या. जी लुगडी उरली ती बोहारणीला देऊन एक पातेलं आलं.

दुपारी पत्र्याच्या पेटीचा नंबर लागला. पेटी गंजलेली. तळाला जुनं वर्तमानपत्र अंथरलेलं, त्याखाली कागदांचा एक पुडा. भंगारवाला दारात उभाच होता. वहिनी म्हणाल्या, "घाल रद्दीत." पण त्यांच्या सुनेनं पुडा हातात घेतला. ही सून त्या साली आमच्या रात्रीच्या वर्गाला येऊ लागली होती. ती उंबऱ्यावर बसली आणि एकेक अक्षर लावून वाचू लागली. वीजबिल होतं. लग्नाची पत्रिका होती. मग ती थांबली. "बे-बा-क," असं तिनं वाचलं. "गुरुजी, बेबाक म्हणजे काय?"

बेबाक म्हणजे सगळं देणं फिटलं, काही बाकी उरली नाही. सासऱ्यांनी सोसायटीचं कर्ज फेडलं होतं, त्याचा तो दाखला होता, शिक्क्यासकट. आणि इकडं यांच्या सातबाऱ्यावर, इतर हक्काच्या रकान्यात, त्या कर्जाचा बोजा तसाच लिहिलेला! विहिरीवरच्या पाइपलाइनसाठी मुलगा कर्ज मागायला गेला होता, तेव्हा याच बोज्यावरून त्याला परत पाठवलं होतं. फेडलं आहे असं वहिनी सांगत होत्या. कागद कुठं आहे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दाखल्याची प्रत जोडून तलाठ्याकडं अर्ज दिला. फेरफार होऊन बोजा निघायला काही महिने गेले, पण निघाला. म्हणून आमचं एकच सांगणं आहे. कागद वाचल्याशिवाय रद्दीत घालू नका. सातबारा, खरेदीखत, कर्जफेडीची पावती, शाळा सोडल्याचा दाखला, जन्म-मृत्यूचे दाखले एका पिशवीत घालून डब्यात ठेवा. वाचता आलं नाही तर ज्याला येतं त्याच्याकडून वाचून घ्या. तुम्ही हा धडा वाचताहात, म्हणजे तुम्हाला आता ते येतंच आहे.

कागदासारखी आणखी एक वस्तू डोळ्यांत तेल घालून पाहावी. औषध फवारणीचे रिकामे डबे. डबा चांगला दिसतो म्हणून पुष्कळ घरांत त्यात तेल, डाळ, कधी पिण्याचं पाणीही ठेवतात. हे विष आहे. धुतलं तरी त्याचा अंश राहतो. डबा तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतावं. मग डब्याला भोकं पाडावीत, म्हणजे तो कुणी पुन्हा वापरणार नाही. जाळू नये, विहिरीजवळ टाकू नये. आमच्या पाच घरांत मिळून असे नऊ डबे निघाले.

घर रिकामं झालं आणि भिंती दिसू लागल्या. तेव्हा सगळ्यांना कळलं की भिंती काळ्या झाल्या आहेत. चुलीचा धूर कित्येक वर्षांचा. मग चुना लावायचं ठरलं.

चुन्याची गंमत सांगण्यासारखी आहे. चुनखडीचा दगड भट्टीत भाजला की कळीचा चुना होतो. पाण्यात घातला की तो रटरटतो, खूप तापतो. म्हणून लोखंडी पिंपात आधी पाणी घ्यावं आणि कळ्या थोड्या थोड्या सोडाव्यात. प्लॅस्टिकची बादली वापरू नये. लहान मुलांना लांब ठेवावं. डोळ्यात चुना गेला तर लगेच भरपूर पाण्यानं डोळा धूत राहावं आणि दवाखाना गाठावा. एक रात्र चुना मुरू द्यावा. मग फडक्यातून गाळावा. त्यात विरघळवलेला डिंक घालावा, म्हणजे हाताला पांढरं लागत नाही. चिमूटभर नीळ घातली की पांढरेपणा खुलतो.

भिंतीची काजळी आधी खरवडून काढावी, नाहीतर पिवळे डाग वर येतात. भिंतीवर पाणी शिंपडून मग कुंचा चालवावा. पहिला हात दिल्यावर भिंत पांढरी दिसतच नाही. आमच्यातल्या एकानं लगेच म्हटलं, "पैसे वाया गेले." दुपारी वाळल्यावर तीच भिंत उजळली. पातळ हात द्यावेत, दोन किंवा तीन, मधे वाळू देऊन. चुना हवेतला कार्बन वायू ओढून घेतो आणि भिंतीवर पुन्हा दगड होऊन बसतो. भट्टीत जे गेलं ते भिंतीवर परत आलं! मातीच्या भिंतीला ऑइल पेंट कुणी सांगितला तरी लावू नका. त्यानं ओल आत कोंडते आणि पोपडे सुटतात. चुन्याच्या भिंतीला श्वास घेता येतो.

शोभेसाठी बाजारातून काही आणलं नाही. सुनेनं कोनाड्याभोवती गेरूचा पट्टा ओढला आणि त्यावर पिठाच्या पाण्यानं वेल काढली. पालघरकडं वारली बाया लग्नात भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहितात. त्याच रीतीनं चित्रं काढणारे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. सुनेची वेल काही तशी नव्हती, जरा वाकडीच गेली. पण येणारा प्रत्येक जण तिच्यासमोर उभा राहतो. संध्याकाळी वहिनी माजघरात आल्या, चारी भिंतींकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढी मोठी खोली व्हती का ही?"

चौथ्या रविवारी आमच्या घराची पाळी आली. माळ्यावरून वर्तमानपत्रांचे गठ्ठे उतरू लागले. तिघं पोरं उतरवत होती, तरी संपेनात. थोरल्या वहिनींनी एक गठ्ठा उचलून विचारलं, "गुरुजी, हे?"

आमच्या तोंडून निघून गेलं, "असू दे."

मग जे हसू झालं ते वेशीपर्यंत ऐकू गेलं असेल. गठ्ठे रद्दीत गेले. त्या पैशांत पाचव्या घराचा चुना आला. वहिनींच्या सुनेनं मात्र चार अंक बाजूला काढून घेतले. मथळ्यांची अक्षरं मोठी आहेत, रात्री वाचायला सोपी पडतात, असं ती म्हणाली.